सेव्हन आयर्नवरचा आकडा

जुलैत घेतलेल्या आयर्नच्या संचाची खरी परीक्षा डिसेंबरात होते. पुण्या-मुंबईकडे गोल्फ खेळणारा कुणी नवा संच घ्यायचं म्हणाला, की मी त्याला आधी हेच सांगतो. पावसाळ्यात ग्रीन इतकं मऊ असतं की कसाही आलेला चेंडू पडल्या जागी रुततो. आपल्याला वाटतं, क्लब झकास आहे. थंडीत पाऊस विसरलेलं, टणक झालेलं ग्रीन त्याच चेंडूला पलीकडे धाडतं.

माझा संच ऐन पावसाळ्यात आला. दुकानातल्या सिम्युलेटरच्या पडद्यावर सेव्हन आयर्नचा आकडा दीडशे यार्डांच्या आसपास दिसत होता. आधीच्या संचातलं माझं सेव्हन एकशे पस्तीसच्या पुढे क्वचितच जाई. “सर, सरळ एका क्लबचा फायदा,” विक्रेता म्हणाला. चेंडू किती उंच जातो आणि कोणत्या कोनातून खाली येतो, याबद्दल तो काही बोलला नाही, आणि पडद्याच्या कोपऱ्यात ते आकडे असूनही त्यावर कुणी बोट ठेवलं नाही. सप्टेंबरपर्यंत संच छान चालला. थंडी सुरू झाल्यावर यरवड्याच्या मैदानावर ग्रीनच्या मधोमध उतरलेले माझे चेंडू मागच्या बंकरमध्ये जाऊन पडू लागले.

निदान केलं ते मामांनी. मामा म्हणजे आमचे जुनेजाणते कॅडी. त्यांनी मला घरचं जुनं सिक्स आयर्न आणायला सांगितलं. नवं सेव्हन आणि जुनं सिक्स, दोन्ही शेजारी शेजारी, फेस वर करून गवतावर ठेवली आणि एकेका फेसवर बुटाचा तळवा दाबला. फेस जमिनीला समांतर झाला की शाफ्टचं टोक वर उचललं जातं, आणि जेवढा लॉफ्ट जास्त तेवढी शाफ्ट जास्त उभी राहते. झाडावरून चेंडू जाईल का, हे अजमावायला जुने खेळाडू हीच युक्ती वापरतात. नव्या सेव्हनची शाफ्ट जुन्या सिक्सपेक्षा खाली होती. “साहेब, हे सेव्हन नाही,” मामा म्हणाले. “सेव्हनचा शिक्का मारलेलं फाइव्ह-सिक्स आहे.”

घरी येऊन दोन्ही संचांचे तपशील ताडून पाहिले. जुन्या सेव्हनचा लॉफ्ट ३४ अंश, सिक्सचा ३०, फाइव्हचा २७. नव्या सेव्हनचा २८.५. क्लबच्या तळावर कोरलेला आकडा म्हणजे काही मापाचं एकक नाही. सेव्हन आयर्न किती अंशांचं असावं, हे कोणताही नियम ठरवत नाही. कंपनी ठरवेल तेवढं.

कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नाही, हेही सांगायला हवं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टन सोल्हाइमनं पिंग कंपनी उभी केली आणि क्लबच्या हेडचं वजन मधून काढून कडेला नेण्याची कल्पना रुजवली. १९८२ सालच्या पिंग आय-टू आयर्नपासून तर ती सामान्य खेळाडूच्या बॅगेत जाऊन बसली. वजन कडेला असलं की चेंडू फेसच्या टोकाकडे लागला तरी हेड कमी पिळवटतं आणि अंतर फार घटत नाही. आमच्यासारख्या वीस-बावीस हॅंडिकॅपवाल्यांवर या माणसाचे उपकारच आहेत. पुढे तळ रुंद झाले, वजन खाली आणि मागे सरकलं, त्यामुळे चेंडू आपोआप उंच जाऊ लागला. जास्तीची उंची मिळतेय म्हटल्यावर लॉफ्ट कमी करून तिचं अंतर करून घेतलं गेलं. ज्याचा स्विंग जोरकस आहे त्याला हा सौदा परवडतो. ज्याचा मंद आहे त्याच्या चेंडूला उंचीही मिळत नाही आणि फिरकीही कमी मिळते. टणक ग्रीनवर चेंडू थांबायला तो साधारण ४५ अंशांच्या आसपास उतरायला हवा. चाळिशीच्या खाली गेला की पळालाच.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न लॉफ्टचा विचारा. दुसरा, चेंडू हवेतून किती जातो याचा. घरंगळणं धरून एकूण अंतर सांगितलं जात असेल तर ते बाजूला ठेवा. तिसरा, उतरण्याच्या कोनाचा. आणि शक्य असेल तर मॅटवर निर्णय घेऊ नका. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी घसरत पुढे येतो आणि फटका बरा दिसतो. तोच फटका गवतावर मारला तर मातीचं ढेकूळ चेंडूच्या पुढे जातं. प्रात्यक्षिकाचा क्लब मागून घ्या आणि खऱ्या गवतावर मारून बघा. उगाच संकोच करू नका. संच काही स्वस्त नसतो.

लॉफ्ट कमी झाल्याचा दुसरा फटका संचाच्या खालच्या टोकाला बसतो, आणि तो मात्र महिनोन् महिने लक्षात येत नाही. माझ्या नव्या संचातला पिचिंग वेज ४३ अंशांचा निघाला. पूर्वी तो ४७-४८ चा असे. माझा सॅंड वेज ५६ चा. मधे १३ अंशांची दरी. पिचिंग वेज शंभराच्या पुढे जातो, सॅंड वेज सत्तर-पंचाहत्तरवर संपतो, आणि आपण खेळतो त्या पार-फोरवर तिसरा फटका नेमका ऐंशी-नव्वद यार्डांचा उरतो. तिथे अर्धामुर्धा स्विंग करावा लागतो, जो आपल्याला कधीच नीट जमत नाही. या दरीत ४९-५० अंशांचा गॅप वेज बसवला आणि माझा स्कोअर नव्या आयर्नपेक्षा या एका क्लबनं अधिक सुधारला. संच घेताना त्याची किंमत हिशेबात धरा.

आता लांब आयर्न आणि हायब्रिड. माझ्या नव्या संचातलं फोर आयर्न २० अंशांचं, म्हणजे जुन्या काळच्या थ्री आयर्नहून थोडं अवघडच. ते बॅगेत कशाला असतं? संच पूर्ण दिसावा म्हणून. नियमानं १४ क्लबच नेता येतात, त्यातली एक जागा न वापरल्या जाणाऱ्या लोखंडाला देण्यात अर्थ नाही. आयर्न कुठे थांबवायची आणि हायब्रिड कुठून सुरू करायचा, याची एक सोपी कसोटी मी सगळ्यांना सांगतो. फाइव्ह आणि सिक्स आयर्ननं आठ-दहा चेंडू मारा. भलेबुरे सगळे धरा. दोन्हींचं हवेतलं अंतर जवळपास सारखंच येत असेल, तर फाइव्ह आयर्न तुमच्या उपयोगाचं राहिलेलं नाही. स्विंगच्या वेगाला तेवढ्या कमी लॉफ्टमधून उंची काढता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या जागी हायब्रिड घ्या. ज्यांचं सेव्हन आयर्न शंभर यार्डांच्या आसपास जातं, त्यांनी आयर्न सेव्हनपासूनच सुरू करावीत, वरचे सगळे हायब्रिड किंवा छोटे वुड ठेवावेत. क्लबमधल्या कितीतरी स्त्रिया आणि साठी ओलांडलेले खेळाडू नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जुन्या फोर-फाइव्ह आयर्नशी झगडताना मी पाहतो, आणि मला खरंच वाईट वाटतं. त्यांच्या स्विंगमध्ये खोट नसते.

हायब्रिडचं हेड पोकळ, तळ रुंद, वजन खाली आणि मागे. म्हणून चेंडू उचलायचं काम तोच करतो. पावसाळी दाट रफमध्ये आयर्नच्या मानेला गवताचा विळखा बसतो आणि फेस डावीकडे बंद होतो. हायब्रिड बऱ्यापैकी वाट काढतो. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये हेझल्टिनच्या शेवटच्या होलवर वाय. ई. यांगनं टायगर वूड्सला हरवताना दोनशेच्या वर यार्डांवरून ग्रीन गाठलं ते हायब्रिडनंच. जगातले उत्तम खेळाडू जिथे आयर्न बाजूला ठेवतात तिथे आपण ‘हायब्रिड म्हणजे म्हाताऱ्यांचा क्लब’ म्हणत बसणं शोभत नाही.

पण हायब्रिड घेतला आणि प्रश्न मिटला, असंही नाही. पुष्कळ हायब्रिड मुद्दाम चेंडू डावीकडे वळावा असे बनवलेले असतात, कारण बहुतेक हौशी खेळाडूंचा चेंडू उजवीकडे जातो. तुमचा आधीच डावीकडे जात असेल तर असा क्लब तुम्हाला थेट झाडीत नेईल. खारघरच्या सिडकोच्या मैदानावर, डोंगरउतारावर चेंडू पायांपेक्षा वर असतो तेव्हा तो उजव्या हाताच्या खेळाडूकडून तसाही डावीकडे जातो, त्यात या हायब्रिडची भर पडते. तिथे निशाण उजवीकडे धरावं लागतं. समोरून वारा असेल तर उंच गेलेला हायब्रिड जागीच तरंगतो आणि लहान पडतो. आणि तो वुडसारखा झाडून मारायचा नसतो. चेंडू पायांच्या मध्यापासून थोडा पुढे ठेवून आयर्नसारखाच खाली मारायचा, उचलायचं क्लबवर सोडायचं. जी मंडळी ‘मला हायब्रिड लागत नाही’ म्हणतात, त्यातले बहुतेक चेंडू उचलायला जातात.

शाफ्टबद्दल थोडक्यात: आयर्न आणि हायब्रिडच्या शाफ्टच्या वजनात फार तफावत नको, नाहीतर क्लब बदलला की स्विंगची लय बदलते. स्टिफ शाफ्टचा मोह टाळा. लाय अँगल मात्र आवर्जून तपासून घ्या. फटक्याच्या क्षणी क्लबचं टोक हवेत राहत असेल तर चेंडू डावीकडे जातो, आणि खेळाडू बिचारा आपल्या मनगटांना दोष देत बसतो. घडीव हेड थोडं वाकवून घेता येतं. ओतीव हेडला तेवढी मुभा नसते, म्हणून ही तपासणी पैसे देण्याआधी व्हायला हवी. जुना संच घेणाऱ्यांनीही लॉफ्ट आणि लाय मोजून घ्यावे. दगडधोंड्यांवर आपटलेली आयर्न एकेका अंशानं सरकलेली असतात.

हायब्रिडचा एक उपयोग दुकानात कुणी सांगत नाही. २००४ च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल ट्रूनवर टॉड हॅमिल्टननं ग्रीनच्या कडेवरून वेजऐवजी हायब्रिड वापरला आणि प्लेऑफमध्ये एर्नी एल्सला हरवलं. मे महिन्यात आपल्याकडे ग्रीनच्या कडा भाजून निघालेल्या असतात, वेजची धार टणक जमिनीवरून उसळून चेंडूच्या पोटात बसते. तिथे हायब्रिड खाली धरा, पटरची पकड घ्या आणि पटरसारखाच हात फिरवा. चेंडू कडेच्या गवतावरून छोटीशी उडी घेऊन सरळ घरंगळत जातो. अर्धा तास चिपिंग ग्रीनवर घालवला तर कोणालाही जमतं.