पानगळीचा पाठ : झाकलेला रंग आणि नवा रंग



आजचं मनन पानगळीवर आहे. टोरोंटोच्या उत्तरेला, आमच्या घरापासून गाडीने तीनेक तासांवर अल्गॉन्क्विन पार्क आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, एवढेच थोडे दिवस तिथली मेपलची झाडं पेटल्यासारखी दिसतात.

बाबा गेल्यापासून सहा वर्षं माझी रंगांची पेटी कपाटावरच होती. चित्र काढायला त्यांनीच शिकवलं होतं मला. गेल्या वर्षी मुलगी म्हणाली, "आई, या वेळी पेटी घेऊनच चल." मी गेले. लाल, केशरी, पिवळा, ट्यूबमधून आले तसे फासले. घरी येऊन पाहिलं तर चित्र जत्रेतल्या पडद्यासारखं भडक! वाटलं, आपल्या हातात आता काही उरलेलं नाही.

मग हिवाळाभर मी पानांबद्दल वाचलं. त्यातून जे मिळालं, तोच आजचा पाठ.

पहिली गोष्ट. पिवळा रंग शरद ऋतूत येत नाही, तो आधीपासूनच पानात असतो. उन्हाळाभर हरितद्रव्य त्याला झाकून ठेवतं. रात्री मोठ्या होऊ लागल्या की झाड हरितद्रव्य मोडतं, त्यातला नायट्रोजन खोडाकडे परत ओढून घेतं, आणि खालचा पिवळा उघडा पडतो. तो नवीन नसतो, फक्त आता दिसू लागतो.

दुसरी गोष्ट. लाल रंगाचं तसं नाही. मेपलचा लाल बहुतेक याच दिवसांत, पानात उरलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असला की तो जास्त खुलतो. म्हणजे गळायच्या आधी पान काहीतरी नवं घडवत असतं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले.

तिसरी गोष्ट एका चित्रकाराची. टॉम थॉमसन टोरोंटोत जाहिरातींची, छपाईची चित्रं करायचा. १९१२ साली, पस्तिशीच्या आसपास, तो पहिल्यांदा अल्गॉन्क्विनला गेला. १९१७ च्या जुलैत तिथल्याच कनू लेकमध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. मधल्या पाचेक वर्षांतच त्याचं बहुतेक महत्त्वाचं काम झालं. जंगलात तो मोठा कॅनव्हास नेत नसे. साधारण २१ बाय २७ सेंटिमीटरच्या लाकडी फळ्या न्यायचा आणि समोर बसून भराभर रंगवायचा. पुष्कळदा फळीचं लाकूडही रंगांच्या मधून तसंच दिसू द्यायचा.

त्याची चित्रं नीट पाहिली तेव्हा माझी चूक कळली. त्याचा केशरी जळतो, कारण शेजारी थंड निळा, करडा, गडद हिरवा असतो. मी सगळीकडे दिवाळीच केली होती, अंधाराला जागाच ठेवली नव्हती. बाबा नसण्याचा करडा रंग मला चित्रात नको होता. पण त्याच्याशिवाय लाल बोलतच नाही.

या वर्षी पुन्हा गेले. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी फळी, वीस मिनिटं. आधी निळा आणि तपकिरी मिसळून करडा केला, मागचं आभाळ आणि खोडं रंगवली. लाल सगळ्यात शेवटी, अगदी थोडा, बाबांच्या जुन्या ब्रशने. चित्र फार ग्रेट नाही झालं. पण माझं झालं.

मंडळी, आज एवढं करून पाहा. तुमच्याकडे मेपल नसेल, पण बदामाचं झाड असेल. गळण्याआधी त्याचीही पानं लाल होतात. एक पान उचला. त्यात किती रंग आहेत ते मोजा, डागसुद्धा धरा. मग स्वतःला दोन प्रश्न विचारा : माझ्यात आधीपासून असलेलं काय झाकलं गेलंय? आणि आहे त्या दिवसांत मला नवं काय घडवता येईल?

उत्तर लगेच नाही मिळालं तरी चालेल. पान मात्र वहीत जपून ठेवा.