अंगणातली फरशी: भाव सांगण्याआधी खालची माती पाहा

दगडी फरशी कशी बसवायची ते व्हिडिओत पाहिलंत. इथे तिचा हिशोब मांडतो, कारण या धंद्यात पैसा बुडतो तो तिथेच.

माझंच सांगतो. वरूडला दुकान टाकल्यावर अंगणाचं पहिलं काम घेतलं, 10 बाय 20 फुटांचं. शहाबादी फरशी, रेती-सिमेंट, मिस्त्रीची मजुरी, एवढंच जोडून भाव दिला. माती वरवर खरवडली, रेती पसरली, फरशी लावली. मे महिन्यात काम एकदम झकास दिसत होतं. पावसाळा गेला आणि मधली फरशी वर आली, कडेची खचली. सगळं उखडून माझ्या खर्चानं पुन्हा केलं. नफा गेलाच, वर गल्ल्यातले पैसेही गेले.

दगड चांगलाच होता हो. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. वरची फरशी तिच्यासोबत हलणारच.

म्हणून आता त्याच मापाचा हिशोब असा करतो. खोदाई किमान 9 इंच, म्हणजे 200 चौरस फुटांना 150 घनफूट, दीड ब्रास माती. ती उचलून न्यायचं भाडंही धरा, हे हमखास विसरतं. त्यात ठोकून 6 इंच मुरूम, म्हणजे 1 ब्रास. पण दबल्यावर तो बसतो, म्हणून सव्वा ब्रास मागवा. तीन-तीन इंचाचे दोन थर, पाणी मारून धुम्मसनं ठोकायचे. वर 2 इंच रेती-सिमेंट, मग फरशी. काळी माती खोल असेल तर खोदाई आणि मुरूम वाढवा. फरशी 220 चौरस फूट घ्या, तुटफूट आणि कटिंग निघतंच.

उतार घरापासून बाहेर, दर 4 फुटांना 1 इंच. नाहीतर पाणी पायव्याशी मुरतं. आणि बाहेर पॉलिश कोटा देऊ नका, ओला झाला की पाय घसरतो.

कोटेशनमध्ये खोदाई, मुरूम आणि फरशी वेगवेगळ्या ओळीत लिहा. ग्राहक म्हणेलच, "भाऊ, दुसरा तर कमीत करून देते." त्याला त्याच्याच अंगणातली भेग दाखवा. तरीही मुरूम नको म्हणाला, तर मी ते काम घेत नाही.