खेळातल्या विटांचं जुनं दुकान

प्रश्न : आमच्या बाजारओळीतल्या जुन्या, माडीच्या कापडदुकानासारखी इमारत लेगोच्या विटांतून उभारायची आहे. ती खोटी वाटू नये म्हणून काय करावं? (एक वाचक, खापा)

उत्तर : आधी प्रमाण ठरवा. लेगोचा माणूस सुमारे 4 सेंमी उंच असतो. म्हणून 1:42 धरा. दोन खुंट्यांमधलं अंतर 8 मिमी, म्हणजे 12 फुटी दर्शनी बाजू जवळजवळ 11 खुंट्यांची होईल. एका विटेची उंची 9.6 मिमी, ओट्याला एक थर पुरे.

जुनेपण खरं दिसतं ते फळ्यांच्या दारात. तपकिरी पातळ पट्ट्या एकमेकींवर रचून आडव्या फिरवा आणि बाजूला खुंटी असलेल्या विटांवर बसवा. पट्टीची जाडी 3.2 मिमी, म्हणजे या प्रमाणात पाच इंची फळीच. पाच पट्ट्या बरोबर दोन खुंट्यांची रुंदी भरतात, त्यामुळे फट राहत नाही.

भिंतीत सांधे एकावर एक येऊ देऊ नका. पिवळसर रंगात चार-दोन विटा करड्या घाला. कवेलूंसाठी उतरत्या विटा वापरा. माडी सुटी ठेवा. आतली गादी, कापडाचे गठ्ठे मांडता येतील.