अर्थपरिवर्तन : ‘गार्निश’ या शब्दाचे उदाहरण

अर्थविस्तार आणि अर्थसंकोच या प्रक्रियांची ओळख आपण मागील उपघटकात करून घेतली. एकाच शब्दात या दोन्ही प्रक्रिया कशा घडतात, हे पाहण्यासाठी आता मराठी पाकक्रियालेखनात रुळलेला ‘गार्निश’ हा शब्द घेऊ. पोह्यांवर पेरलेली कोथिंबीर व ओले खोबरे, श्रीखंडावरील चारोळी, असा त्याचा आजचा अर्थ आहे. मराठीत ही कृती ‘पेरणे’, ‘भुरभुरणे’, ‘लावणे’ अशा नेमक्या क्रियापदांनी सांगितली जाते. तिला एकच सर्वसमावेशक नाम मात्र नव्हते. ही उणीव या शब्दाने भरून काढली, असे म्हणता येईल.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘गार्नीर’ या क्रियापदावरून आला. त्याचे मूळ जर्मानिक भाषाकुलात असून ‘सावध करणे’ या अर्थाचा इंग्रजी ‘वॉर्न’ त्याचाच सगोत्र होय. जर्मानिक शब्दांच्या आरंभीचा ‘व’ फ्रेंचमध्ये ‘ग’ झाला. ‘वॉर्ड’ व ‘गार्ड’, ‘वॉरंटी’ व ‘गॅरंटी’ या जोड्या याच ध्वनिपरिवर्तनातून निर्माण झाल्या आहेत. जो सावध होतो तो तयारी करतो, म्हणून ‘गार्नीर’चा अर्थ ‘सिद्ध करणे, साधनसामग्री पुरवणे’ असा झाला. मध्ययुगीन इंग्रजीत किल्लाही ‘गार्निश’ केला जाई, म्हणजे त्यात शिबंदी व दारूगोळा भरला जाई. वस्त्रवाचक ‘गारमेंट’ हा शब्दही याच धातूचा. पुढे ‘सुसज्ज’चे ‘सुशोभित’ झाले, आणि ताटापुरता संकोच तर सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेला दिसतो. फ्रेंच पाककलेतील ‘गार्नितूर’ म्हणजे मुख्य पदार्थासोबतच्या भाज्या वगैरे; तेथे पुरवठ्याचा जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

इंग्लंडमधील तुरुंगात नव्या कैद्याकडून जुने कैदी किंवा तुरुंगाधिकारी जे पैसे उकळीत, त्यांनाही ‘गार्निश’ म्हणत. शब्दाची ही शाखा आता वठली आहे.

कायद्यातील शाखा मात्र जिवंत आहे, आणि आपल्यापैकी जे बँकेत किंवा न्यायालयीन कार्यालयात काम करतात त्यांनी ती विशेष लक्षात घ्यावी. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 21 मध्ये 1976 च्या दुरुस्तीने ‘गार्निशी’संबंधीचे नियम समाविष्ट झाले. गार्निशी म्हणजे ऋणकोचे देणे लागणारी तिसरी व्यक्ती वा संस्था. उदाहरणार्थ, ऋणकोची ठेव असलेली बँक. ‘ती रक्कम ऋणकोला देऊ नका, न्यायालयात भरा’ अशी सूचना तिला दिली जाते. येथे ‘वॉर्न’चा, म्हणजे सावध करण्याचा, मूळ अर्थ टिकून आहे. शब्दकोशातील पहिला अर्थ उचलून भाषांतरकाराने येथे ‘सजावट’ लिहिले, तर पत्राचा बोजवाराच उडेल.

सिद्धतेकडून शोभेकडे जाणारी ही वाट केवळ युरोपीय नाही. सैन्य ‘सज्ज’ होते आणि देव्हारा ‘सजवला’ जातो. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. ‘अलंकार’ शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, योग्य. त्याचे जुने रूप ‘अरम्’. ऋग्वेदात ‘अरंकृत’ हे विशेषण सोमाला लावलेले आढळते, आणि तेथे त्याचा अर्थ ‘तयार करून ठेवलेला’ असा आहे. नंतर आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त अलंकारांची तुलना अंगावरील कड्यासारख्या दागिन्यांशी केली, तोवर शोभेचा अर्थ पूर्ण स्थिरावला होता. व्युत्पत्ती हा शब्दाचा आजचा अर्थ नव्हे, हे खरेच. तरीही ‘अलंकार म्हणजे वरून चिकटवलेली अनावश्यक गोष्ट’ असे विधान करण्यापूर्वी हा इतिहास विचारात घेतला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

स्वाध्याय : आपल्या बोलीत अन्नावर वरून काही घालण्याच्या कृतीसाठी कोणती क्रियापदे वापरली जातात? त्यांपैकी कोणत्याही दोहोंच्या अर्थच्छटांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करा.