सुती घडीचे पदार्थविज्ञान

केशाकर्षणाचा धडा शिकवताना आम्हा शिक्षकांची उदाहरणे ठरलेली असतात : कंदिलाची वात, टिपकागद, चहात बुडवलेले बिस्किट. एक उदाहरण मात्र बहुतेक घरांत असूनही वर्गात कधी येत नाही. ते म्हणजे मासिक पाळीत वापरायची सुती घडी किंवा पॅड. आज त्याचाच विचार करू या. मुलग्यांनी पान उलटू नये. केशाकर्षण त्यांच्याही परीक्षेला असते.

गर्भाशयाच्या आतल्या बाजूचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला स्तर दर महिन्याला जाड होत जातो. गर्भ राहिला नाही, की संप्रेरकांचे प्रमाण उतरते आणि हा स्तर सुटून थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडतो. थोड्या म्हणजे किती? एका पाळीत सुमारे ३० ते ४० मिलिलिटर. चहाचा लहान कप अर्धाही भरणार नाही. हे रक्त 'अशुद्ध' नसते. बोट कापल्यावर येते तेच हे रक्त. १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन धरले आणि एका ग्रॅममध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह, तर ३५ मिलिलिटर रक्ताबरोबर किती लोह जाईल? गणित करून पाहा. उत्तर १४ मिलिग्रॅमच्या आसपास येईल. ते भरून काढायला कडधान्ये व पालेभाज्या हव्यात आणि त्यावर लिंबू पिळलेले हवे. जेवणाला लागून चहा मात्र नको, कारण चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते. रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे.

आता प्रयोग. कापडाच्या तीन सारख्या पट्ट्या घ्या : एक जुन्या सुती साडीची, दुसरी दुकानातून आणलेल्या कोऱ्या सुती कापडाची, तिसरी नायलॉनची. तिन्ही टांगून त्यांची खालची टोके शाई घातलेल्या पाण्यात सोडा. पाच मिनिटांनी पाणी किती सेंटिमीटर चढले ते मोजा. जुनी साडी पुढे जाईल. कापसाचे तंतू सेल्युलोजचे असतात. त्यांचे पाण्याशी सख्य असते, आणि तंतूंमधल्या बारीक फटी केशनलिकांचे काम करतात. कोऱ्या कापडात मात्र खळ आणि मेणचट द्रव्ये असतात, त्यामुळे पाणी अडते. आपल्या आज्या पाळीसाठी जुने लुगडे फाडून ठेवीत, त्यात काटकसर होतीच. पण निवडही अचूक होती.

बाजारातल्या पातळ पॅडमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाच्या बहुवारिकाचे कण असतात. एक नवे पॅड फाडून ते कण वाटीत काढा आणि पाणी घाला. क्षणात जेलीसारखा गोळा होईल. आता त्यावर चमचाभर मीठ टाका. गोळा पाणी सोडू लागेल! कणांच्या आत सोडियमचे आयन असल्याने पाणी आत ओढले जाते. बाहेरच खार वाढला, की ही ओढ कमी होते. रक्तही खारटच असते. म्हणून जाहिरातीतले निळे पाणी पॅड जितके पिते, तितके रक्त ते पिणार नाही. पॅड भरले नसले तरी चार ते सहा तासांनी बदलावे, आणि वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावे, शौचकुपात नव्हे.

घडी धुताना आधी थंड पाणीच घ्यावे. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात आणि डाग पक्का बसतो.

खरी अडचण त्यापुढची आहे. धुतलेली घडी कोणाला दिसू नये म्हणून ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात किंवा दोरीवर दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालतात. बाष्पीभवनाला काय लागते ते आठवा : उष्णता, वारा आणि कोरडी हवा. झाकलेल्या घडीला तिन्ही मिळत नाहीत. तिच्याभोवतीची थोडीशी हवा वाफेने संपृक्त होते आणि वाळणे जवळजवळ थांबते. कोकणात आषाढात तर बाहेरची हवाच ओली असते. अशा दमट कापडावर बुरशी आणि जंतू वाढतात, आणि तीच घडी पुन्हा वापरली, की खाज सुटते, पुरळ उठते. दोष पाळीचा नसतो, दोरी कुठे बांधली त्याचा असतो. उन्हात कापड लवकर वाळते. शिवाय उन्हातले अतिनील किरण जंतूंना मारक असतात. आडोसा हवाच असेल, तर पातळ मलमल हातभर अंतरावर बांधावी. पावसाळ्यात घडीवर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवावी.

लोणच्याचेही सांगून टाकतो. ते ओल्या चमच्याने नासते. चमचा कोणाच्या हातात होता, याचा संबंध नाही.

शिक्षकांना एक विनंती. वरचे प्रयोग वर्गात जरूर करावेत. पण त्याआधी शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन यावे. नळाला पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, झाकणाची बादली आहे का, हे पाहावे. कडी नसली, तर मुलगी त्या दिवशी घरीच राहते आणि आपला केशाकर्षणाचा तास बुडतो.

शेवटचा प्रयोग घरी करण्याजोगा आहे. दोन सारखी सुती फडकी भिजवून पिळा. एक उघड्यावर टांगा, दुसरे टॉवेलखाली. दर अर्ध्या तासाने दोन्ही तोला आणि वजनाचा आलेख काढा. एकदा एप्रिलमध्ये, एकदा जुलैमध्ये. चारही रेषा एकाच कागदावर काढा आणि तो कागद घरात दोरी कुठे बांधायची हे जी ठरवते, तिला दाखवा.