क्यूआर कोड : काळ्या-पांढऱ्या चौकोनाची ओळख

व्यापारी व कारागीर बांधवांनो, दुकानाच्या गल्ल्यावर, मुलांच्या पाठ्यपुस्तकात, आधारच्या कागदावर, गिरणीच्या बिलावर आणि औषधाच्या डब्यावर आज एकाच जातीचा काळा-पांढरा चौकोन छापलेला दिसतो. आपण तो रोज वापरतो. परंतु त्यात काय लिहिलेले असते, कोणी लिहिलेले असते आणि त्यावर कितपत भरवसा ठेवावा, याची माहिती आपल्या बाजारात फार थोड्यांना आहे. ज्या कागदावर सही करायची तो आधी वाचून घ्यावा, ही शिकवण आपल्याला वडीलधाऱ्यांकडून मिळाली आहे. मग ज्या चौकोनावर दिवसभराची कमाई जमा होते तो न समजता वापरणे कितपत शहाणपणाचे?

या चौकोनाचा जन्म १९९४ साली जपानमध्ये झाला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत मालाच्या खोक्यांवर रेघांचे बारकोड लावले जात. एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरे मावत. त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि ते वाचता वाचता कामगार थकून जात. मासाहिरो हारा या अभियंत्याने यावर तोड काढली. गो नावाच्या पटावरील खेळात काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडलेल्या असतात, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. रेघ एकाच दिशेने वाचली जाते, चौकोन आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी वाचला जातो. म्हणूनच त्यात सात हजारांपर्यंत आकडे मावू शकतात. कंपनीने त्याचे पेटंट घेतले, परंतु वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. २००० साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कंपनीने प्रत्येक चौकोनामागे चार आणे जरी मागितले असते तरी आपल्या भाजीवाल्याच्या गाडीवर तो कधी आला नसता.

आता तो आतून कसा असतो ते पाहू. विणकर बांधवांना हे समजण्यास अडचण पडणार नाही. नक्षी काढताना आपण चौकटीचा कागद घेतो आणि एकेक घर भरतो किंवा रिकामे सोडतो. येथेही तेच आहे. सर्वांत लहान चौकोनात २१ घरे आडवी व २१ उभी, म्हणजे ४४१ घरे असतात. सर्वांत मोठ्यात १७७ आडवी व १७७ उभी. काळे घर म्हणजे एक, पांढरे म्हणजे शून्य. जॅकार्डच्या पत्त्यात भोक असेल तर तो धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो, त्याचाच हा भाऊबंद. फ्रान्समधील लिऑन शहरातील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास आपला माग तयार केला. १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेत मोजणीसाठी भोकांचीच कार्डे वापरली गेली, आणि संगणकाची वाटही तिथूनच पुढे गेली. संगणक म्हणजे शिकलेल्या लोकांचे काम असे समजून दूर राहणाऱ्या आपल्या मागवाल्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ही विद्या त्यांच्याच कारखान्यातून निघालेली आहे.

चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे ठसे असतात. त्यांच्यावरून फोनला कळते की चौकोन कोठे सुरू होतो आणि कोणती बाजू वर आहे. म्हणून तो उलटा धरला तरी वाचता येतो. शिवाय मूळ मजकुरासोबत काही जादा अक्षरे हिशेबाने भरलेली असतात. त्यामुळे छपाईच्या प्रकारानुसार ७ पासून ३० टक्क्यांपर्यंतचा भाग फाटला किंवा मळला तरी उरलेल्या भागावरून मजकूर जुळवता येतो.

येथपर्यंतची गोष्ट यंत्राची झाली. व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट पुढे आहे. चौकोन म्हणजे केवळ लिखावट. कोऱ्या कागदावर कोणीही काहीही लिहू शकतो, तसा चौकोनही कोणीही छापू शकतो. काही चौकोनांच्या आत मात्र लिहिणाऱ्याची डिजिटल सही असते, आणि एक अक्षर बदलले तरी ती सही जुळत नाही. आधारच्या कागदावरील चौकोन असा सहीचा आहे, आणि मोठ्या व्यापाऱ्याच्या ई-बिलावरचाही. गल्ल्यावर चिकटवलेला पैशांचा चौकोन साधारणपणे बिनसहीचा असतो. हा फरक ज्याला कळला त्याला अर्धी विद्या आली असे समजावे.

गल्ल्यावरचा चौकोन यूपीआयचा असतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची ही योजना ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत सुरू झाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्यावरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्या चौकोनात असते काय? आपला यूपीआय पत्ता आणि आपले नाव, एवढेच. तो पत्ता खरोखर त्या दुकानाचा आहे याची कोणतीही खूण त्यात नाही. म्हणूनच रात्री कोणी येऊन आपल्या चौकोनावर स्वतःचा चौकोन चिकटवून गेला तर दुसऱ्या दिवसाची विक्री त्याच्या खात्यात जाते, आणि गिऱ्हाईक बिचारे "पैसे गेले" असा पडदा दाखवून निघून जाते. २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातील खजुराहो येथे असेच घडले. एका रात्रीत अनेक दुकानांचे आणि एका पेट्रोल पंपाचेही चौकोन बदलले गेले होते.

यावर उपाय साधे आहेत. चौकोन दुकानाबाहेर खांबावर न लावता काचेच्या आत ठेवावा. सकाळी कुलूप उघडल्यावर घरातील दुसऱ्या फोनने एक रुपया पाठवून पाहावा. रक्कम बोलून सांगणारा डबा असेल तर तो बोलेपर्यंत माल हाती देऊ नये, कारण पैसे गेल्याचा खोटा पडदा दाखवणारेही बाजारात फिरतात. आणखी एक गोष्ट नावाची. जून २०२५ अखेरपासून पैसे पाठवणाऱ्यास बँकेच्या दप्तरी असलेले नाव दाखवावे असा नियम लागू झाला आहे. पाटीवर "न्यू भारत क्लॉथ" आणि फोनवर "शेख अब्दुल" असे दिसले की अनोळखी गिऱ्हाईक बिचकते. म्हणून फोनवर जे नाव दिसते तेच चौकोनाखाली ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. आपल्या नावांच्या इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तर सर्वांना ठाऊक आहे. मोहम्मद एका कागदावर एका तऱ्हेने, दुसऱ्यावर दुसऱ्या. उर्दूत एकच असलेले नाव रोमन लिपीत चार होते. आधार, पॅन आणि बँक या तिन्ही ठिकाणी ते एक करून घेण्यात दोन-चार दिवस गेले तरी पुढे फार मनस्ताप वाचतो.

फसवणुकीचा दुसरा प्रकार घाऊक ऑर्डरीचा. फोन येतो, शंभर चादरी हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका. बांधवांनो, पैसे घेण्यासाठी स्कॅनही करावे लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार. व्यक्ती-व्यक्तींमध्ये पैशांची मागणी पाठवण्याची सोय अशाच फसवणुकीमुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, परंतु चौकोन पाठवण्याची युक्ती चालूच आहे. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले गेले तर परत मिळण्याची आशा असते.

चौकोनामुळे प्रत्येक व्यवहाराची नोंद होते, हे काहींना अडचणीचे वाटते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. त्यानंतर तेथे कित्येकांनी "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. माझ्या मते पाटी लावणे हा उपाय नव्हे. मालाच्या व्यापारासाठी आपल्या राज्यात नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीची आहे. खरी गफलत अशी होते की भावाने पाठवलेले पैसे, मित्राची परतफेड आणि दुकानाची विक्री हे सर्व एकाच खात्यात जमा होते, आणि पाहणाऱ्याला ती सगळी विक्रीच वाटते. दुकानासाठी वेगळे खाते ठेवले तर हा प्रश्न मुळातच उरत नाही. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. तेव्हा नोंदीचे भय निदान आपण तरी बाळगू नये. मात्र या जमेवर नजर ठेवून अॅपवाले कर्ज घ्या म्हणून मागे लागतात, त्यांचे व्याजाचे दर नीट वाचावेत आणि दूर राहावे.

आता बिलाकडे वळू. ज्या व्यापाऱ्याची उलाढाल २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही वर्षी पाच कोटींच्या वर गेली असेल, त्याला १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास विकलेल्या मालाचे बिल सरकारी संगणकावर नोंदवावे लागते. तेथून ६४ अक्षरांचा क्रमांक आणि सहीचा चौकोन मिळतो. त्यात विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि मुख्य मालाचा सांकेतांक असतो. आपण छोटे असलो तरी सूत किंवा ग्रे कापड ज्या पेढीकडून घेतो ती मोठी असेल, तर तिच्या बिलावर हा चौकोन असलाच पाहिजे. नसेल तर कायद्याने ते बिलच धरले जात नाही, आणि भरलेल्या कराची वजावट अडचणीत येते. चौकोन तपासण्याचे सरकारी अॅप फुकट आहे. त्यात दिसणारी रक्कम आणि कागदावरची रक्कम जुळते का, एवढे पाहण्यास अर्धा मिनिट लागतो. अर्थात सहीचा चौकोन फक्त एवढेच सांगतो की बिल नोंदलेले आहे. ताग्यात दोन मीटर कमी निघाले तर त्यासाठी गजच लागतो.

मुलांच्या पुस्तकातील चौकोनाचा प्रकार तिसरा. तो फक्त वाट दाखवतो, मजकूर इंटरनेटवर असतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गाच्या पुस्तकांना असे चौकोन जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी दीक्षा हा सरकारी मंच सुरू झाला आणि बालभारतीच्या पुस्तकांत धड्याधड्याला चौकोन आले. उर्दू माध्यमाच्या पुस्तकांतही ते आहेत, आणि बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवूनही घेता येतात. आपल्या वस्त्यांतील पालक फोन मुलाच्या हाती देतात आणि तो काय पाहतो हे विचारत नाहीत. त्याच फोनने गणिताच्या धड्याचा चौकोन एकदा सोबत बसून उघडावा. चौकोनाच्या खाली सहा अक्षरांचा संकेत छापलेला असतो. कॅमेरा खराब असेल तर तो टाइप केला तरी चालते.

शेवटी कारागिरांच्या उपयोगाची एक बातमी. काश्मीरच्या हाताने गाठी मारलेल्या गालिच्याला भौगोलिक मानांकन आहे. तरीही यंत्रावरचा गालिचा हाताचा म्हणून विकला जात असे. २०२२ च्या फेब्रुवारीत तेथे गालिच्याला चौकोनाचे लेबल लावण्यास सुरुवात झाली. श्रीनगरच्या गालिचा तंत्रज्ञान संस्थेची त्यात मुख्य भूमिका आहे. लेबल वाचले की गालिचा कोणी बनवून घेतला, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कारागिराने, कोणत्या कच्च्या मालातून, हे परदेशातील गिऱ्हाईकालाही दिसते. या गालिच्याची नक्षी ज्या सांकेतिक चिन्हांत लिहितात त्या कागदाला काश्मिरी कारागीर "तालीम" म्हणतात. किती गाठी, कोणत्या रंगाच्या, हे सर्व त्यात खुणांनी लिहिलेले असते. एक जण ते मोठ्याने वाचतो आणि मागावरचे त्याप्रमाणे गाठी मारतात. आम्ही उर्दू शाळेत तालीम म्हणजे शिक्षण असे शिकलो. तेथे ती विणण्याची लिपी आहे, आणि आता तिच्यावर ही दुसरी लिपी येऊन बसली आहे.

या लेबलातील मोठी गोष्ट माझ्या मते कारागिराचे नाव ही आहे. आपल्याकडे येवल्याची पैठणी असो वा औरंगाबादचा हिमरू, विणणाऱ्याचे नाव दुकानापर्यंत येते आणि तेथेच थांबते. पैठणीलाही मानांकन मिळालेले आहे आणि यंत्रावरची साडी पैठणी म्हणून सर्रास विकलीही जाते. येथे एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. मानांकन ज्या संस्थेच्या नावाने मिळते तिच्यापुरते ते संपत नाही, आणि प्रत्येक विणकराला ते आपोआप लागूही होत नाही. विणकराने चेन्नई येथील मानांकन नोंदणी कार्यालयात "अधिकृत वापरकर्ता" म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. त्याची फी २०२० साली ५०० रुपयांवरून १० रुपये करण्यात आली. अर्ज भरताना नाव आधारवर जसे आहे तसेच लिहावे. उद्या लेबल छापले गेलेच तर त्यावर तेच नाव येईल.