संभाषणातील वेळ आणि वाक्याची रचना

वाक्यात कर्ता, कर्म व क्रियापद हा क्रम आपण वर्गात शिकवितो. परंतु शहापूरच्या एस. टी. स्थानकावर घटकाभर कान देऊन उभे राहिल्यास निराळीच वाक्ये ऐकू येतात. ‘आली का गाडी मुरबाडची?’ ‘आली.’ ‘सरक बाजूला जरा!’ ही वाक्ये अशुद्ध ठरवून सोडून देणे योग्य नव्हे. बोलणाऱ्याच्या हाती जो वेळ असतो, त्याने ती घडविलेली असतात. ‘सरक’ हा शब्द कानी पडताच माणूस हलू लागतो. ‘बाजूला’ आणि ‘जरा’ मागाहून आले तरी काम अडत नाही. उत्तरातील एकट्या ‘आली’ या रूपात काळ, लिंग व वचन ही तिन्ही सामावलेली आहेत. उद्देश्य अध्याहृत आहे, एवढेच. त्यास अपुरे वाक्य म्हणणे हा व्याकरणाचाच अपमान होय.

हा वेळ किती अल्प असतो, हे मोजले गेले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील दहा भाषांतील होय-नाही स्वरूपाचे प्रश्न व त्यांची उत्तरे तपासण्यात आली. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सुमारे ०.२ सेकंद भरले. उलट समोरच्या चित्रातील वस्तूचे नुसते नाव उच्चारावयासही मनुष्यास सुमारे ०.६ सेकंद लागतात. याचा अर्थ उघड आहे. ऐकणारा बोलणे संपण्याची वाट पाहत नाही. तो शेवट ओळखून आपले उत्तर आधीच जुळवू लागतो. त्या दहांत मराठी नव्हती. परंतु मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी ठेवणारी जपानी होती, आणि सर्वांत कमी अंतर तिच्यातच आढळले.

क्रियापद शेवटी येत असताना शेवट आधी कसा कळतो? येथे आपल्या विभक्तिप्रत्ययांचे खरे काम दिसून येते. ‘बाबांनी’ हा शब्द ऐकताच पुढील क्रियापद बहुधा सकर्मक व भूतकाळी असणार हे कळते. ‘बाबांनी म्हैस’ म्हणताच त्याचे रूप स्त्रीलिंगी होणार हेही ठरते. ‘विकली’ की ‘आणली’ एवढेच उरते. ‘बाबा म्हैस’ असे म्हटले तर मन ‘विकणार’कडे वळते. ‘जर’ आले की ‘तर’ची वाट पाहावयाची. नकार मात्र आपल्याकडे अगदी शेवटी येतो, आणि म्हणूनच बोलणारा त्याची सूचना आधी देऊन ठेवतो: ‘मी काही उद्या यायची नाही.’ यातील ‘काही’ला स्वतःचा अर्थ जवळजवळ नाही, पुढे ‘नाही’ येत आहे, हे सांगणे हेच त्याचे काम. प्रश्नार्थक ‘का’ शेवटी येतो, म्हणून आरंभी ‘काय रे’ लागतो.

कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकविताना याचा उपयोग करून पाहावा. शिक्षकाने ‘बाबांनी भाकरी’ एवढेच म्हणून थांबावे, मुलांनी वाक्य पुरे करावे. मग ‘बाबा भाकरी’, मग ‘बाबांनी लाडू’. व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वीच मुलांच्या तोंडून ‘खाल्ली’, ‘खाणार’, ‘खाल्ला’ ही रूपे बाहेर पडतील. नियम त्यांस ठाऊक असतो, नाव ठाऊक नसते.

आता वर्गातील प्रश्नोत्तरांकडे वळू. भातसा धरणाचे पाणी कोणत्या शहरास जाते, असे विचारून शिक्षक क्षणभरही न थांबता दुसऱ्या मुलाकडे बोट करतात, हे मुरबाड व शहापूर तालुक्यांतील शाळा पाहताना वारंवार आढळते. स्थानकावरील संभाषणाची गती आपण नकळत वर्गात आणतो. मात्र ‘गाडी आली का?’ या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर असते. धड्यातील उत्तर आठवावे लागते, आणि आपण ‘पूर्ण वाक्यात सांग’ म्हणतो तेव्हा ते रचावेही लागते. कातकरी अथवा ठाकूर वाडीवरून येणाऱ्या मुलास तर ते घरच्या बोलीतून पुस्तकी मराठीत आणावयाचे असते. त्याच्या मौनाची नोंद ‘येत नाही’ अशी होते, आणि वर्षअखेर तीच त्याच्या नावापुढे राहते.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतून हेच पाहिले. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविताच उत्तरे लांबली, निरुत्तर राहणारी मुले घटली, आणि मागे समजली जाणारी मुले बोलू लागली.

तेव्हा प्रश्न आधी विचारावा, मनातल्या मनात तीन अंक मोजावेत, आणि मगच मुलाचे नाव घ्यावे. नाव आधी घेतले की बाकीचा वर्ग विचार करण्याचे सोडतो. तोंडी उत्तरास ‘मुंबईला’ हा एक शब्द पुरेसा मानावा. पूर्ण वाक्य पाटीवर लिहून घ्यावे, कारण तेथे घाई नसते. सामुदायिक उत्तराने समाधान मानू नये. पुढच्या रांगेतील दोघे आरंभ करतात आणि उरलेला वर्ग शेवटच्या अक्षरापाशी त्यांना गाठतो. ऐकावयास ते एकसारखेच वाटते.